वन्सं, माझं इंग्रजी सुटलं

वन्सं, निकाल आला तेव्हा मी भाताची पेज काढत होते. मोबाईल ओट्यावर मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला होता आणि अभ्यासकेंद्राच्या ग्रुपवर सकाळपासून नुसती टिंगटिंग चालली होती. पातेलं खाली ठेवलं, पदराला हात पुसले, नंबर टाकला. इंग्रजीच्या पुढे पास. मार्क विचारू नका, काठावरचेच आहेत. पण पास. मी तशीच पडवीकडे वळले आणि ओरडले, "वन्सं, सुटलं माझं इंग्रजी!"

हाक निघून गेली. परत घेता येत नाही ना हाक.

पडवीत तुमचे भाऊ वायरीचं वेटोळं सोडवत बसले होते. त्यांनी मान वर केली. "काय म्हणालीस?" असं विचारलं नाही त्यांनी. नुसतं म्हणाले, "सुटलं ना? बरं झालं," आणि पुन्हा वायरीत डोकं घातलं. हात मात्र चालत नव्हते त्यांचे. मी आत येऊन पातेल्यावर झाकण ठेवलं. पहिली बातमी ज्यांना द्यायची ते माणूसच घरात नसेल तर बातमीचं करायचं काय, ते मला कळेना. म्हणून आता, चार दिवसांनी, बसून तुम्हाला सगळं सांगते. जेवणं झालीत, अंगणवाडीला आज सुट्टी आहे, आणि तुम्हाला अर्धवट सांगितलेलं कधी चालत नसे.

तुम्ही गेलात तेव्हा महिला मंडळाने बुद्धविहाराबाहेरच्या फळ्यावर तुमच्याबद्दल चार ओळी लिहिल्या. कष्टाळू, मनमिळाऊ, सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणाऱ्या. मी उभी राहून वाचलं आणि मला हसू आलं. मनमिळाऊ! मी लग्न होऊन अलोऱ्याला आले तेव्हा तुम्ही नुकत्याच मुंबईहून परत आला होतात. कपाळ मोकळं, आणि तोंड बंद. मला वाटायचं, नणंद आपल्यावर रागावलीय. कितीतरी वर्षं आपण एकमेकींशी मीठ-तेलापुरतंच बोललो. "डबा भरलास काय?" "भरला." "पाणी आलं काय?" "आलं." तुमची शिलाईची मशीन पडवीत, माझी चूल आत, आणि मधे उंबरा. तुम्ही वाईट नव्हतात. पण मनमिळाऊ नव्हतात हो.

आपलं बोलणं सुरू झालं ते इंग्रजीमुळे. कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

अंगणवाडी सेविकेची मुख्यसेविका व्हायचं तर पदवी लागते, हे मला कळलं तेव्हा माझी चाळिशी उलटली होती. मी मुक्त विद्यापीठात नाव घातलं. पुस्तकांचा गठ्ठा घेऊन घरी आले तेव्हा तुम्ही ब्लाऊजला हुक लावत होतात. गठ्ठ्याकडे बघितलंत, पुन्हा हुकाकडे बघितलंत. रात्री जेवायला बसलो. मग भात वाढता वाढता विचारलंत, "मना घेतील काय गो?"

"कुठं?"

"ता तू जातंस थं."

तुम्ही दहावीत इंग्रजीत राहिला होतात, एवढंच मला ऐकून माहीत होतं. बारावी नाही, तर आधी तयारीची परीक्षा द्यावी लागेल, मीही तीच देतेय, असं मी सांगितलं. मला वाटलं, एवढं ऐकून विषय संपेल. तुम्ही म्हणालात, "देऊ मग. परीक्षा दिली म्हणून कोन मरत नाय." आणि दिलीत. पासही झालात. मग दर रविवारी सकाळच्या एसटीने आपण दोघी चिपळूणला केंद्रावर जायला लागलो. वर्गात बाकीची पोरं आपल्या भाच्यांच्या वयाची. त्यांनी पहिल्या दिवशी तुम्हाला मॅडम समजून उभं राहून नमस्कार केला. तुम्हीही मान हलवून घेतलात तो नमस्कार, आणि मग निवांत जाऊन मागच्या बाकावर बसलात.

एसटीतलं ते आठवतंय ना? केंद्रावरच्या मॅडमनी सांगितलं होतं, रोज थोडं इंग्रजी बोला, चुकलं तरी बोला. तुम्ही ते कंडक्टरवर सुरू केलंत. "टू हाफ लेडीज चिपळूण, प्लीज गिव्ह." सगळी गाडी वळून बघायला लागली. मी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. कंडक्टर चांगला होता, म्हणाला, "मावशी, मराठीत मागितलंत तरी तिकीट तेवढंच आहे." तुम्ही म्हणालात, "तिकीट तेवढंच रे, पण माझी सवय वाढते." त्यानंतर तो कंडक्टर असला की लांबूनच ओरडायचा, "टू हाफ लेडीज, कम कम!" आणि तुम्ही पिशवी सावरत चढायचात, जशी काय गाडी तुमच्यासाठीच काढलीय.

दुपारी मी अंगणवाडीतून आले की अभ्यास. तुमची रीत मला कधी पटली नाही, वन्सं, आणि आजही पटत नाही. गाईड मशीनच्या फळीवर उघडं ठेवायचं आणि पाय मारता मारता पाठ करायचं. "माय बेस्ट फ्रेंड इज राहुल. ही इज द कॅप्टन ऑफ अवर क्रिकेट टीम." मशीनच्या ठेक्यावर राहुल, ठेक्यावर क्रिकेट. मी एकदा पोट धरून हसले. म्हटलं, "वन्सं, तुमची मैत्रीण कोण, हे विचारलंय. हा राहुल कुठला? तुम्ही कधी क्रिकेट बघितलंत तरी का?"

"मार्क राहुललाच मिलतात," तुम्ही म्हणालात. "माझ्या मैत्रिणीला कोन देनार?"

"पण स्वतःचं लिहायला हवं. चुकलं तर चुकलं."

"चुकलं तर नापास. मी एकदा झालीय." मग दोरा ओवता ओवता म्हणालात, "हे बघ सुजाता, इंग्रजी म्हंजे आपल्याला उसनं लुगडं. नेसायचं, कार्याला जायचं, घडी घालून परत द्यायचं. त्याला आपला काठ लावत बसायचं नाय."

मी म्हटलं, मला उसनं नको, मला फाटकं चालेल पण माझं पाहिजे. तुम्ही म्हणालात, "मग फाटकं नेसून बस." असं आपलं रोज चालायचं. मी तुम्हाला काळ आणि क्रियापद समजवायला जायचे आणि तुम्ही मला निबंध पाठ कर म्हणून सांगायचात. तुमचं ऐकलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं, हेही खरं. कारण दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा तुमचा राहुल पास झाला आणि माझी फाटकी वाक्यं नापास झाली.

त्या दिवशी तुम्ही घरात कुणालाच स्वतःचा निकाल सांगितला नाहीत. मी दिवसभर माजघरात पडून होते. संध्याकाळी तुम्ही घावणे घातलेत, नारळाचा रस काढलात, ताट माझ्यापुढे ठेवलंत. म्हटलं, "आज काय?" तर म्हणालात, "तांदूळ भिजत पडलेले. वाया कशाला घालवायचे?" पास झाल्याचा आनंद एवढा चोरून करणारं माणूस मी दुसरं नाही बघितलं.

मग जूनमध्ये तिसऱ्या वर्षाला नाव घालायची मुदत संपत आली. माझा एक विषय राहिला होता, तरी पुढे जाता येत होतं. पण मी ठरवलं होतं, आधी इंग्रजी सोडवायचं, मगच पुढचं. तुम्हाला तर काहीच अडचण नव्हती. मी दोनदा आठवण केली. तुम्ही हो हो म्हणालात. शेवटची तारीख उलटून गेल्यावर कळलं, तुम्ही नाव घातलंच नाही.

"का पण?"

"यंदा शिवणाची कामं हायत."

"वन्सं, खरं सांगा."

"तुझं सुटू दे. मग दोघी जाऊ."

"आणि माझं सुटलंच नाही तर?"

"सुटतंय. न सुटायला काय झालं त्याला?"

मला राग आला. एवढा आला की मलाच नवल वाटलं. तुम्ही एका वर्षात पदवीधर होणार होतात. आपल्या घरातली पहिली पदवीधर बाई. आणि माझ्यापायी ते सोडून बसला होतात. नापास होण्याचं दुःख मी कसंतरी गिळलं होतं, आता वर हे ओझं. मी म्हणाले, "मला कुणाची दया नको, वन्सं."

तुम्ही दोरा दातांनी तोडलात. माझ्याकडे बघितलंत. "दया नाय गो ती."

"मग काय आहे?"

तुम्ही मशीनवर पाय ठेवलात. त्या आवाजावर चढून काही विचारता येत नाही माणसाला. मी आत निघून गेले. नंतर विचारीन, असं म्हणत राहिले. पावसाळा गेला, भात कापून झालं, थंडी आली, आणि तो विषय तुम्हीही काढला नाहीत, मीही नाही.

पण ते वर्ष! वन्सं, त्या वर्षाइतकं सुख मला या घरात कधी मिळालं नव्हतं. तुम्हाला परीक्षा नव्हती, तरी तुम्ही रोज माझ्याबरोबर बसायचात. रविवारी केंद्रावरही यायचात. मॅडमनी विचारलं तर म्हणालात, "हिला सोबत." मला तोंडी परीक्षेची भीती, म्हणून तुम्ही परीक्षक व्हायचात. खुर्ची अंगणात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि मला उभी ठेवून, "व्हॉट इज युवर गुड नेम?" मी हसले की म्हणायचात, "नो लाफिंग. आऊट." नात्यांचे शब्द पाठ करताना तर तुम्ही वैतागला होतात. नणंद म्हणजे सिस्टर-इन-लॉ. जाऊ? सिस्टर-इन-लॉ. भावजय? तीही तीच. मेहुणी? तीही तीच.

"अगो, मग भांडण झालं तर कोन कुनाशी भांडली ता कसं कलायचं?"

मी म्हटलं, इंग्रज लोक भांडत नसतील. तुम्ही म्हणालात, "भांडत नाय तर अख्खी दुनिया फिरून आले ते काय हवा खायला?"

हसून हसून तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. चष्मा काढून तुम्ही ते पुसलंत. तेवढंच बघत बसावंसं वाटतं मला आता.

शिमग्याची पालखी नाचून गेली त्याच आठवड्यात ते झालं. सकाळी तुम्ही म्हणालात, "हाताला मुंग्या आल्यात गो." तुमच्या हातातली कात्री खाली पडली. शेजारच्या रिक्षाने आम्ही तुम्हाला चिपळूणला नेलं. सगळ्या वाटेत तुम्ही माझा हात डाव्या हाताने धरला होतात आणि रिक्षावाल्याला सांगत होतात, "हळू चालव, खड्डे हायत." दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता, बाहेरचा, मराठी तोडकं. तुम्ही शुद्धीवर आहात का ते बघायला त्याने वाकून विचारलं, "नाव? नेम?"

तुमची जीभ जड झाली होती. तरी तुम्ही एकेक शब्द उचलून बोललात. "माय नेम इज विमल. आय लिव्ह इन अलोरे." तो मान हलवून पुढे निघाला होता. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "आय ॲम अ स्टुडंट."

तो थांबला. त्याने तुमच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "येस."

हे तुम्हाला कुणी विचारलंही नव्हतं. त्या वर्षी तुमचं नाव कुठल्याही वर्गाच्या पटावर नव्हतं. आणि ते वाक्य कुठल्याही गाईडात नव्हतं, वन्सं. ते तुम्ही तुमचं बनवलं होतं. मला तुम्हाला तेव्हाच सांगायचं होतं, की बघा, जमलं की नाही? आपला काठ लागला की नाही लुगड्याला? पण नर्स आली, तिने आम्हाला बाहेर काढलं. संध्याकाळी अर्धांगाचा दुसरा झटका आला. मग काही सांगायचं उरलंच नाही.

जलदान विधी झाला. भन्तेजी आले, पाणी सोडलं, सगळे जेवून गेले. आवरून झाल्यावर तुमचे भाऊ मागच्या दारी येऊन बसले. मी भांडी घासत होते. ते फारसं बोलत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. म्हणाले, "ताई इथंच बसायची भांडी घासायला. पूर्वी पुढं बसायची. अंगणात."

मी म्हटलं, पुढे तर नळ आहे, ऊनही आहे.

"तेच. आई पण तेच म्हणायची." मग त्यांनी सांगितलं. ते तेव्हा लहान होते. तुम्ही दहावीत राहिलात, आणि शेजारच्या कॉलनीतल्या तुमच्या तिघी मैत्रिणी पास होऊन चिपळूणच्या कॉलेजात जायला लागल्या. सकाळची गाडी आपल्या अंगणासमोरूनच जाते. पहिले काही दिवस त्या खिडकीतून हात हलवायच्या. "विमल, गो विमल," अशा हाका मारायच्या. तुम्हीही राखेने भरलेला हात वर करायचात. मग हळूहळू त्या आपसातच बोलत जायला लागल्या. गाडी रोज जायचीच. एक दिवस तुम्ही भांड्यांची टोपली उचललीत आणि मागच्या दारी आलात. ती कायमची. पुन्हा परीक्षेला बस म्हणून तुमचे बाबा वर्षभर मागे लागले, पण तुम्ही बसला नाहीत. पुढे लग्न झालं.

"तिला गाडीत बसून तुझ्यासमोरून जायचं नव्हतं," तुमचे भाऊ म्हणाले. "मला बोलली होती एकदा. तुला सांगू नको म्हणाली."

माझ्या हातात तसंच राखेने भरलेलं पातेलं होतं. मी विचारलं होतं ना, मग काय आहे? त्याचं उत्तर मला असं मिळालं, तुमच्या तोंडून नाही. तुमच्या तोंडून मिळालं असतं तर मी काय केलं असतं? बहुतेक पुन्हा भांडलेच असते. पण निदान तुमच्याजवळ बसून भांडले असते.

मे महिन्यात परीक्षा आली. मी जाणार नव्हते. तुमच्या भावांनी बॅग आणून पुढ्यात ठेवली, बाटलीत पाणी भरलं आणि स्टँडपर्यंत सोडायला आले. गाडीत तो आपला कंडक्टर नेमका होता. त्याने माझ्या मागे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे बघितलं. त्याला काय समजलं कोण जाणे. एक तिकीट फाडून दिलं आणि पुढे गेला.

लेखी पेपर बरा गेला. राहुल आला नव्हता, दुसरंच काही आलं होतं. थोडं तुमच्या पद्धतीने पाठ केलेलं लिहिलं, थोडं माझं फाटकं. तोंडीला बाहेरच्या बाई होत्या, वयाने माझ्यापेक्षा लहान. नाव, गाव, काम विचारून झालं. मग त्यांनी विचारलं, अभ्यासाला घरात मदत कोण करतं? मी म्हटलं, "माय सिस्टर-इन-लॉ हेल्प्स मी."

"व्हॉट डज शी डू?"

"शी इज अ स्टुडंट."

त्या हसल्या, "व्हेरी गुड," म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं. काळ चुकला होता, वन्सं. भूतकाळ वापरायला हवा होता, एवढं मला येतं. तुम्हालाच मी तो तीन-तीनदा समजावला होता. पण बाईंना ती चूक कशी दिसणार? वाक्य बरोबरच होतं. बाहेर व्हरांड्यात पोरं उत्तरं ताडून बघत होती. मी कोपऱ्यातल्या नळावर तोंड धुतलं, पुन्हा पुन्हा धुतलं. एक मुलगी म्हणाली, "काकू, फार उकडतंय ना?" मी म्हटलं, हो, फार.

तर असं झालं. आणि काल मी तिसऱ्या वर्षाला नाव घातलं. येत्या रविवारपासून तास सुरू होतील.

तुम्ही पुढे जायला हवं होतं, वन्सं. मी तेव्हाही म्हटलं, आता सगळं कळल्यावरही म्हणते. गेला असतात तर निदान शेवटच्या वर्षाच्या पटावर नाव ठेवून गेला असतात. मी अंगणातून तुम्हाला हात केला असता. दर रविवारी केला असता. मी काही मागच्या दारी जाणारी नव्हते. तुम्ही मला ओळखलं नाहीत तिथं, हे माझं म्हणणं आहे, आणि त्याच्यावर तुम्ही काय बोलला असतात ते ऐकायला मी आज काय वाटेल ते देईन. आणि तुम्ही जे एक वर्ष माझ्याजवळ बसून राहिलात, ते गेलं असतं तर मी कुठून आणलं असतं, हेही मला रोज वाटतं. दोन्ही खरं आहे. तुम्ही असतात तर मशीन सुरू करून मला गप्प केलं असतं.

बघा ना, मला मागे ठेवून चिपळूणच्या गाडीत चढला नाहीत, आणि मग एका दिवसात, काही न बोलता, एवढ्या लांब निघून गेलात. आता मी रोज सकाळी अंगणात उभी असते आणि समोरून गाडी जाते.

आपल्यात मेल्यावर कुठे काही असतं असं मानत नाहीत. भन्तेजींनी त्या दिवशीही तेच सांगितलं, आणि मला ते पटतं. तरी समजा, भन्तेजींचं चुकून कुठे काही असलंच, तर तिथे काही कामं असतील, काही शिकायचं असेल, तुम्हाला पुढे पुढे जायला सांगतील. तुम्ही जा. माझं हे वर्ष होऊ दे, अंगणवाडी आहे, तुमच्या भावांचं आहे, मला अजून पुष्कळ उशीर आहे. माझ्यासाठी अडून बसू नका.

नाही, वन्सं. थांबा. या वेळी मी भांडणार नाही.